जोडनौकेची कथा

दोन गोष्टींचा मेळ घालावयाचा झाला म्हणजे मराठींत 'सांगड घालणें' असा शब्दप्रयोग करतात. ध्येयाची आणि व्यवहाराची सांगड, जुन्याची आणि नव्याची सांगड, असें लिहिण्याबोलण्यांत नेहमीं येतें. ह्या शब्दाचें मूळ मात्र नदीच्या कांठीं आहे. दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन भोपळे शेजारीं शेजारीं बांधून पाणी ओलांडण्यासाठीं जें साधन करतात त्याचें नांव सांगड. एकटा ओंडका पाण्यांत गरगर फिरतो आणि वर बसणाऱ्याला खालीं टाकतो. दोन ओंडक्यांत हातभर अंतर ठेवून त्यांवर आडव्या काठ्या बांधल्या, कीं तेच ओंडके माणसाला निमूटपणें पार नेतात. कोंकणच्या किनाऱ्यावर हीच युक्ति निराळ्या रूपानें दिसते. तेथील लहान होडीच्या एका बाजूला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशीं, एक लांबट लांकूड पाण्यावर तरंगत असतें. त्याला उलांडी म्हणतात. उलांडी आहे म्हणून होडी एवढी अरुंद करतां येते, आणि अरुंद आहे म्हणून ती थोड्या बळावर इतकी चपळ चालते.

आज गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवाशांच्या तोंडीं 'कॅटामरान' हा शब्द रुळला आहे. शब्द तामिळ आहे: 'कट्टु' म्हणजे बांधणें आणि 'मरम्' म्हणजे लांकूड. कोरोमांडल किनाऱ्यावरचें मूळ कट्टुमरम् म्हणजे ओंडके एकास एक लगटून बांधलेला तराफा. त्यांत दोन निराळे तळ मुळींच नसतात. विल्यम डँपियर ह्या इंग्रज दर्यावर्दीच्या १६९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनांत हा शब्द आला, आणि पुढें यूरोपीय लोकांनीं दोन तळांच्या प्रत्येक नौकेला तोच चिकटविला. वास्तविक त्या नौकेला सांगड हेंच नांव अधिक शोभलें असतें. परंतु नांवें न्यायानें मिळत नाहींत.

नौकेला दुसरा तळ कशासाठीं हवा हें समजण्यास पाण्याचा एक नियम ध्यानांत घ्यावा लागतो. चालत्या नौकेच्या नाळेशीं, म्हणजे पुढच्या टोकाशीं, एक लाट उठते आणि पिछाडीशीं दुसरी. वेग वाढला कीं ह्या लाटांमधलें अंतर वाढतें. वाढतां वाढतां तें नौकेच्या लांबीएवढें झालें, म्हणजे नौका आपणच उठविलेल्या दोन लाटांमधल्या खळग्यांत अडकते. पुढें जावयाचें तर तिला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. नौकेची लांबी फुटांत मोजून तिचें वर्गमूळ काढावें आणि त्याला १.३४ नें गुणावें. येणारा आंकडा ही साध्या, जड नौकेच्या सुखाच्या चालीची मर्यादा, ताशीं सागरी मैलांत म्हणजे नॉटमध्यें. एक नॉट म्हणजे ताशीं १.८५ किलोमीटर. पंचवीस फुटी होडीला ही मर्यादा ६.७ नॉट पडते आणि शंभर फुटी जहाजाला १३.४. ह्यापुढें इंजिनाची शक्ति दुप्पट केली तरी वेग थोडासाच वाढतो. इंधन मात्र पुरतें दुप्पट जळतें.

ह्या कोंडींतून सुटण्याच्या वाटा दोन. सपाट तळाच्या होडीला इतकी शक्ति द्यावी कीं ती वर उचलली जाऊन पाण्याच्या पाठीवरून घसरत जाईल, ही एक. ही वाट उधळ्या माणसाची आहे, आणि समुद्र खवळला कीं असल्या होडींतील लोकांचीं हाडें खिळखिळीं होतात. दुसरी वाट सडपातळपणाची. लांबी रुंदीच्या दहा-बारा पट ठेवली तर नौका पाणी लोटण्याऐवजीं चिरीत जाते. तिची लाट इतकी लहान उठते कीं वर सांगितलेली मर्यादा जवळजवळ नाहींशी होते. पण असली नौका उभी कशी राहावी? कलण्याला विरोध करण्याची तळाची ताकद त्याच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत असते. रुंदी निम्मी केली कीं ताकद आठवा हिस्सा उरते. म्हणजे वेगाला जो गुण हवा तोच तोलाच्या मुळावर येतो. दोन सडपातळ तळ एकमेकांपासून दूर ठेवून वरून जोडले म्हणजे हा तंटा मिटतो: प्रत्येक तळ अरुंदच राहतो, आणि तोल मात्र दोघांमधल्या अंतरांतून मिळतो. नदीकांठच्या आणि किनाऱ्यावरच्या माणसांनीं हें कोणतेंही गणित न मांडतां साधलें होतें.

यूरोपांत ही युक्ति बुद्धिपुरःसर हातीं घेणारा पुरुष जहाजबांधणीच्या धंद्यांतला नव्हता. सर विल्यम पेटी हा रॉम्सी गांवच्या एका कापडवाल्याचा मुलगा. त्याचा जन्म १६२३ चा. पोरवयांत तो जहाजावर नोकरीला लागला. तेथें त्याचा पाय मोडला, आणि त्याला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सोडून देण्यांत आलें. तेथेंच जेझुइट पाद्र्यांपाशीं शिकून तो पुढें वैद्य झाला, ऑक्सफर्डला शारीरशास्त्राचा प्राध्यापक झाला, क्रॉमवेलच्या अमदानींत आयर्लंडच्या जमिनीची मोजणी करून गबर झाला, आणि राज्याचा हिशेब आंकड्यांनीं मांडण्याच्या शास्त्राचा एक जनक म्हणून अर्थशास्त्राच्या ग्रंथांत त्याचें नांव आजही घेतलें जातें. लंडनची रॉयल सोसायटी १६६० सालीं स्थापन झाली तेव्हां तिच्या पहिल्या मंडळींत तो होता. असल्या हिशेबी माणसाला साध्या जहाजांतली उधळपट्टी न दिसती तरच नवल. जहाज उभें राहावें म्हणून त्याच्या पोटांत दगडांचें नीरम भरावें लागे; हें मेलेलें वजन जन्मभर वाहावयाचें आणि त्यापायीं वेग गमवावयाचा. दोन तळ दूर ठेवले तर नीरमाचें कारणच उरत नाहीं.

१६६२ च्या ऑक्टोबरांत डब्लिन येथें पेटीची पहिली नौका पाण्यांत उतरली. वीस फूट लांब आणि दोन फूट व्यासाचीं दोन लांकडी नळकांडीं, त्यांवर माचा आणि त्यावर शीड, असें तिचें रूप होतें. दुसरी नौका मोठी होती. १६६३ च्या उन्हाळ्यांत तिनें डब्लिन आणि होलिहेड ह्यांमध्यें टपाल नेणाऱ्या जहाजाशीं पैज लावली आणि त्याच्या कितीतरी तास आधीं ती बंदरांत येऊन दाखल झाली. सॅम्युएल पीप्सच्या प्रसिद्ध रोजनिशींत ह्या पैजेची हकीकत नोंदलेली आहे. राजा दुसरा चार्ल्स ह्याला जहाजांचा शोक होता, पण पेटीच्या नौकेची तो तोंडावर थट्टा करी, हेंही पीप्सनेंच लिहून ठेवलें आहे. तरी १६६४ च्या डिसेंबरांत पेटीचें तिसरें जहाज थेम्स नदींत सोडण्यांत आलें तेव्हां राजा जातीनें हजर राहिला आणि त्यानें त्याचें नांव ठेविलें 'एक्स्पेरिमेंट', म्हणजे प्रयोग.

प्रयोगाचा शेवट वाईट झाला. १६६५ मध्यें पोर्तुगालहून परत येतांना बिस्केच्या उपसागरांत वादळानें हें जहाज सर्व माणसांसह गिळलें. त्यांत दोष जहाजाचा किती आणि वादळाचा किती, ह्याचा निवाडा करावयास कोणी मागें उरला नाहीं. मात्र जोडनौकेचें खरें दुखणें कोठें असतें तें आज कोणीही होडी बांधणारा सांगूं शकेल. समुद्राची लाट तिरपी आली म्हणजे एका तळाची नाळ वर उचलली जाते त्याच क्षणीं दुसऱ्याची खालीं जाते. दोन्ही तळ एकमेकांना पिळूं पाहतात, आणि सारा पीळ येतो तो मधल्या जोडावर. लांकडाच्या तुळया, लोखंडी खिळे आणि दोरखंड ह्यांवर विसंबणाऱ्या त्या काळांत हा जोड बळकट करण्याचा एकच उपाय होता: अधिक लांकूड घालणें. आणि लांकूड वाढलें कीं ज्या हलकेपणासाठीं हा खटाटोप तोच जावयाचा. पेटीला ही जाणीव होती कीं नव्हती न कळे. त्याची चिकाटी मात्र दांडगी. वीस वर्षांनीं, १६८४ मध्यें, साठी उलटल्यावर त्यानें डब्लिनला आणखी एक मोठें जोडजहाज बांधविलें. तें चांचणींतच नापास झालें. १६८७ सालीं तो वारला, आणि त्याच्याबरोबर ही कल्पना यूरोपांत बराच काळ पडून राहिली.

वाफेचें युग आल्यावर ती पुन्हा वर आली, पण निराळ्याच हेतूनें. अमेरिकेंत रॉबर्ट फुल्टन ह्यानें १८१४ सालीं न्यू यॉर्क बंदराच्या रक्षणासाठीं वाफेवर चालणारी युद्धनौका काढली. तिचे दोन तळ होते आणि पाणी कापणारें चाक त्या दोहोंच्या मधल्या गल्लींत फिरे. शत्रूच्या गोळ्यापासून चाक वांचावें एवढाच उद्देश. वेगाच्या नांवानें शून्यच. तिची चांचणी होण्यापूर्वींच, १८१५ च्या फेब्रुवारींत, फुल्टन मरण पावला.

इंग्लंड आणि फ्रान्स ह्यांमधली खाडी ओलांडतांना प्रवाशांना जी ओकारी लागे तिनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कित्येक संशोधकांची झोंप उडविली होती. पोलादाच्या कारखान्यांनीं नांव मिळविलेला हेन्री बेसेमर ह्यानें हेलकावे न खाणारा झुलता दिवाणखाना असलेली आगबोट बांधविली, ती १८७५ च्या मे महिन्यांत कॅलेच्या धक्क्यावरच जाऊन आदळली. त्याच सुमारास 'कॅस्टेलिया' नांवाची जोड आगबोट खाडींत फिरूं लागली. लांबी २९० फूट, एकंदर रुंदी ६० फूट. एखादें जहाज मधोमध उभें चिरून दोन फांकी बाजूला सरकवाव्या तसे तिचे तळ होते. आंतल्या बाजू सपाट, आणि मधल्या गल्लींत चाकें. प्रवाशांना ती आवडली, कारण ती डोलत नसे. मालकांना आवडली नाहीं, कारण ती अकरा नॉटांवर जाईना. दोन तळांच्या लाटा मधल्या अरुंद गल्लींत एकमेकींवर चढून पाण्याचा नुसता काला होई आणि चाकें त्या काल्यांतच फिरत. दोन तळ कितपत जवळ ठेवावे हा जोडनौकेच्या आंखणींतला पहिला प्रश्न कां आहे, तें ह्या आगबोटीनें आपल्या खर्चानें शिकविलें. तिच्यामागून आलेली 'कॅले-डूव्हर' ही दोन संपूर्ण तळांची बोट अधिक चांगली निघाली. तिनें तेरा-चौदा नॉट गांठले आणि १८८७ पर्यंत उतारूंची मर्जी राखली, पण तिला कोळसा फार लागे. 'कॅस्टेलिया'च्या नशिबीं मात्र प्रवास उरला नाहीं. थेम्सच्या मुखाकडे नांगरून तिच्यावर देवीच्या रोग्यांचें रुग्णालय उघडण्यांत आलें. न डोलणाऱ्या जहाजाला तें काम चांगलेंच साधलें असावें.

ह्या दोन्ही बोटी लोखंडाच्या; त्यांत बॉयलर, बॉयलरांत पाणी, कोठारांत कोळसा. दोन तळ म्हणजे पाण्याला घांसणारा पृष्ठभाग जवळजवळ दुप्पट, आणि हें नुकसान भरून काढावयास तळ जितके बारीक हवे तितके ते एवढ्या ओझ्याखालीं राहूंच शकत नव्हते. त्याच दशकांत टॉर्की येथें विल्यम फ्रूड हा इंजिनियर पॅराफिन मेणाच्या लहान नौका लांब हौदांतून ओढीत होता. जहाजाला होणारा विरोध दोन प्रकारचा: एक पाण्याच्या घर्षणाचा, दुसरा लाटा उठविण्याचा, आणि लहान नमुन्यावरून मोठ्या जहाजाचा लाटांचा विरोध हिशेबानें काढतां येतो, हें त्यानें सिद्ध केलें. जहाजाची आंखणी अंदाजाच्या प्रांतांतून मापाच्या प्रांतांत आली ती येथून.

सडपातळपणाचा चमत्कार जगानें पाहिला तो १८९७ च्या जूनमध्यें. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेड येथें आरमाराची पाहणी चालली असतां चार्ल्स पार्सन्सची 'टर्बिनिया' ही नौका युद्धनौकांच्या रांगांमधून ३४ नॉटांनीं धांवत गेली. तिच्या टर्बाइन यंत्राची कीर्ति सर्वत्र झाली आणि ती योग्यच होती. पण तिच्या तळाकडेही पाहावें: लांबी शंभर फुटांहून थोडी अधिक, रुंदी अवघी नऊ फूट, वजन सारें मिळून पंचेचाळीस टनांच्या आंत. तिच्यांत यंत्राशिवाय दुसरें कांहीं नव्हतें. माणसें नेण्याची जागा नाहीं, माल नेण्याची नाहीं. एकट्या सडपातळ तळाचें हें भाग्य. त्याच्या पाठीवर घर बांधतां येत नाहीं.

त्यामुळें हलकी, वेगवान आणि उपयोगीही अशी जोडनौका व्हावयास दोन गोष्टींची वाट पाहावी लागली: हलकें इंजिन आणि हलका, पण पीळ सोसणारा माल. दोन्ही विसाव्या शतकानें दिल्या, आणि त्यांतली दुसरी बरीचशी विमानविद्येच्या मागोमाग आली. पाण्यांत न सुटणाऱ्या सरसानें चिकटविलेलें प्लायवुड होडी बांधणाऱ्यांच्या हातीं आलें. हवाई बेटांत १९४७ सालीं 'मनु काई' ही हलकी जोडनौका प्लायवुडाचीच बांधण्यांत आली; ती शिडाची होती, परंतु पॉलिनेशियन लोकांच्या जुन्या जोडहोड्यांची आंखणी आधुनिक मालांत उतरविण्याचा तो कित्ता होता. पुढें मोठ्या नौकांसाठीं खाऱ्या पाण्यांत टिकणारें ॲल्युमिनियम आलें. पोलादाच्या एक तृतीयांशाहून थोडें जड असें हें धातु; जाड पत्रा वापरावा लागला तरी बांधलेला तळ पोलादी तळाच्या सुमारें निम्म्या वजनांत होतो.

तरीही जोडनौकेला आपलें दिवस यावयास एक पूल कोसळावा लागला.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया बेट आहे आणि होबार्ट ही त्याची राजधानी. डरवेंट नदीच्या रुंद मुखाच्या दोन्ही तीरांना हें शहर वसलें आहे. तीर जोडणारा टास्मान पूल. ५ जानेवारी १९७५, रविवार, रात्रीं साडेनऊचा सुमार. जस्ताची माती भरलेलें 'लेक इलावारा' हें मालवाहू जहाज मार्ग चुकून पुलाच्या खांबांवर आदळलें. पुलाचे तीन गाळे, सुमारें १२७ मीटर लांबीचा रस्ता, खालीं आले आणि कांहीं त्या जहाजावरच पडले. जहाज कांहीं मिनिटांत बुडालें. खलाशांपैकीं सात आणि मोटारींतील पांच, असे बारा जीव गेले. चार मोटारी अंधारांत तुटल्या कडेवरून खालीं गेल्या. आणखी दोन कडेवर येऊन थांबल्या, पुढचीं चाकें अधांतरीं. त्यांतील माणसें वांचलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूर्व तीरावरचें शहर जागें झालें तें कचेऱ्या, दवाखाने आणि शाळा पलीकडच्या तीरावर ठेवून. पुलावरून कांहीं मिनिटांची वाट आतां वरच्या अंगाच्या पुलानें वळसा घेऊन सुमारें पन्नास किलोमीटरांची झाली होती. बॉब क्लिफर्ड नांवाच्या एका गृहस्थाच्या फेरीबोटी तेव्हां डरवेंटवर चालत. तो आधीं मच्छीमार होता. त्याच्या बोटींवर आतां सारें शहर लोटलें. पूल ८ ऑक्टोबर १९७७ रोजीं पुन्हा खुला होईपर्यंत त्यांनीं सुमारें ९० लाख उतारूंना पार केलें. रोज सकाळीं धक्क्यावर रांगा, रोज संध्याकाळीं रांगा. अशा ठिकाणीं एका फेरीला वांचलेलीं पांच मिनिटें म्हणजे दिवसाला किती फेऱ्या अधिक, हें सांगावयास पंडित लागत नाहीं. वेग आणि रुंद डेक दोन्ही देणारी नौका हवी ह्या गरजेपोटीं क्लिफर्डचें लक्ष जोडनौकेकडे वळलें, आणि १९७७ मध्यें सिडनीचा नौकारचनाकार फिलिप हर्कस ह्याच्यासह त्यानें ह्या नौका बांधण्याचा कारखाना काढला. दर्यावर वावरलेला माणूस आणि हिशेब जाणणारा माणूस, अशी ही दुसरी सांगड. पेटी ह्या दोन्ही भूमिका एकटाच करूं गेला होता.

ह्या दोघांना आणि त्यांच्या मागून येणाऱ्या प्रत्येक आंखणीकाराला ज्या शत्रूशीं झगडावें लागलें तो म्हणजे वजन. एक साधा हिशेब पाहण्यासारखा आहे. दहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी एका तळाची होडी घेतली तर पाण्याच्या पातळीवर तिचें क्षेत्रफळ सुमारें साडेबावीस चौरस मीटर भरतें; तिला एक सेंटिमीटर खालीं बसवावयास २३० किलोग्रॅम वजन लागतें. तेवढ्याच लांबीच्या जोडनौकेचे तळ प्रत्येकीं सत्तर सेंटिमीटर रुंद असले तर दोन्ही मिळून क्षेत्रफळ साडेदहा चौरस मीटर, आणि एक सेंटिमीटरला पुरे १०८ किलोग्रॅम. दहा माणसें चढलीं तर पहिली तीन सेंटिमीटरांच्या आंत खालीं जाते, दुसरी सहा. बारीक तळ ओझ्याला लाजाळू असतो. मग मालक म्हणतो, इंजिन थोडें मोठें घ्या. मोठें इंजिन म्हणजे अधिक इंधन, अधिक इंधनाला मोठी टांकी, टांकीला बळकट आधार. नौका आणखी खालीं बसते, विरोध वाढतो, आणि नव्या इंजिनानें मिळविलेला वेग तेंच इंजिन खाऊन टाकतें. म्हणून चांगला आंखणीकार काय घालावें ह्यापेक्षां काय गाळावें ह्याचीच यादी लांबवीत असतो.

दुसरी भानगड दोन तळांना जोडणाऱ्या डेकची. तो पाण्याच्या जवळ ठेवला तर समोरून येणारी लाट खालून धपाधप आदळते. हा मार पत्रे वांकवितो आणि उतारूंचा धीर खचवितो. फार उंच ठेवला तर वजन वर चढतें. होबार्टच्या कारखान्यानें १९८० च्या दशकांत ह्यावर निराळा तोडगा काढला. दोन्ही तळांच्या नाळा मुद्दाम बुटक्या आणि अणकुचीदार केल्या, म्हणजे त्या लाटेवर न चढतां तिच्यांत घुसतात. आणि मध्यें, पाण्यापासून उंच, एक तिसरी नाळ ठेवली, जी एरवीं पाण्याला शिवत नाहीं पण मोठ्या लाटेंत नौकेचें नाक बुडूं देत नाहीं. पंख्याऐवजीं पाण्याचा झोत मागें फेकणारीं यंत्रें बसविलीं.

ह्या जातीच्या ७४ मीटर लांबीच्या 'हूव्हरस्पीड ग्रेट ब्रिटन' ह्या फेरीबोटीनें १९९० च्या जूनमध्यें अटलांटिक महासागर पश्चिमेकडून पूर्वेकडे ३ दिवस ७ तास ५४ मिनिटांत ओलांडला. सरासरी वेग ३६.६ नॉट. हा विक्रम १९५२ पासून 'युनायटेड स्टेट्स' ह्या प्रचंड अमेरिकन आगबोटीकडे होता: ३ दिवस १० तास ४० मिनिटें. हेल्स चषक तिच्याकडून गेला तेव्हां अमेरिकेंत पुष्कळ आदळआपट झाली. मोटारी वाहणाऱ्या फेरीबोटीनें महासागरी जहाजाचा मान घ्यावा हें कित्येकांना रुचलें नाहीं. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं, कारण त्या आगबोटींत दोन हजार उतारू राहत, जेवत, झोंपत. पण इंजिनांचे आंकडे बोलके आहेत: आगबोटीची शक्ति सुमारें २,४०,००० अश्वशक्ति, फेरीबोटीची सुमारें २०,०००. त्याच कारखान्याच्या 'कॅट-लिंक ५' नें १९९८ मध्यें हा प्रवास २ दिवस २० तास ९ मिनिटांवर आणला, आणि २०१३ च्या 'फ्रान्सिस्को' नें चांचणींत ५८.१ नॉट गांठले. ती ब्युनोस आयर्स आणि मॉन्टेव्हिडिओ ह्यांमधल्या वाहतुकीसाठीं बांधलेली होती.

उलांडीची परंपराही पुढें गेलीच. मध्यें एक लांब, अतिशय बारीक तळ आणि दोहों बाजूंस लहान आधाराचे तळ, अशी तीन तळांची इंजिननौका ब्रिटिश आंखणीकार नायजेल आयरेन्स ह्यानें पुढें आणली. त्याच्या आंखणीच्या 'केबल अँड वायरलेस ॲडव्हेंचरर' नें १९९८ मध्यें ७४ दिवस २० तास ५८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. २००८ मध्यें 'अर्थरेस' ह्या दुसऱ्या तीनतळी नौकेनें तो काळ ६० दिवस २३ तास ४९ मिनिटांवर आणला. ह्या नौकांचा एक अवगुण झांकण्यांत अर्थ नाहीं. नीरम नसल्यामुळें त्या सहसा बुडत नाहींत; परंतु एकदां उलटल्या तर उलट्याच तितक्याच स्थिर तरंगतात, आणि आपण होऊन सरळ होत नाहींत.

कोंकणानेंही ह्या वेगाची चव घेतली आहे. मुंबईहून पणजीला जावयास जुन्या आगबोटीला जवळजवळ पुरा दिवस लागे. १९९० च्या दशकांत कांहीं वर्षें चाललेल्या कॅटामरान सेवेनें तेंच अंतर सुमारें सात-आठ तासांवर आणलें होतें.

होबार्टच्या त्याच कारखान्यांतून मे २०२५ मध्यें 'चायना सोरिल्या' ही १३० मीटर लांबीची जोडनौका पाण्यांत उतरली. ती तेलावर चालत नाहीं, विजेवर चालते. दोन हजारांवर उतारू आणि सव्वादोनशें मोटारी नेण्यासाठीं ती बांधलेली आहे. तिच्या पोटांतल्या नुसत्या बॅटऱ्यांचें वजन अडीचशें टनांहून अधिक आहे.